पाव पायावरून आलेला नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही पावावर अर्धं पान दिलंत. फोटो छान, वडापावच्या गाड्यांची माहितीही ठीक. पण तिसऱ्याच परिच्छेदात लेखकाने बेधडक लिहून टाकलं की पीठ पायाने तुडवून मळायचे म्हणून ‘पाव’. ‘असं म्हणतात’ एवढासुद्धा आडपडदा ठेवला नाही. रागाच्या भरात लिहायचं नाही म्हणून मी एक दिवस थांबले. आज सोमवार. राग तसाच आहे, तेव्हा लिहितेच.

ज्यांच्या घरात कोणी भट्टीवर राबलेलं नाही त्यांना ही गोष्ट गमतीची वाटते. माझे वडील अंधेरीतल्या एका बेकरीत रात्रपाळीला होते. मी पाचवीत असताना आमच्या एका शिक्षिकेने हीच गोष्ट भर वर्गात सांगितली, अगदी याच शब्दांत. मुली हसल्या. एकजण मागे वळून मला म्हणाली, “ए माकापाव, तुझे बाबा आधी पाय तरी धुतात का गं?” त्या दिवशी माझ्या डब्यात पाव नव्हताच, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. तरी मधल्या सुट्टीत माझ्या डब्याला कोणी हात लावला नाही. एरवी त्या चटणीवर उड्या पडायच्या. बाई हसल्या नाहीत हे खरं, पण कोणाला रागावल्याही नाहीत. घरी जाऊन मी वडिलांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आजही वाटत नाही. त्यांना ते ऐकावं लागलं नाही हेच बरं झालं.

‘माकापाव’ काय ते मुंबईकरांना सांगायला नको. गोव्याच्या लोकांसाठी काढलेली ही शिवी आम्हा सगळ्याच ख्रिस्ती पोरांना सरसकट चिकटवली जायची. ‘माका’ म्हणजे मला. आमच्या घरात ‘माका’ नाही, ‘मना’ म्हणतात. आणि ‘माका’ तर लालबाग-परळच्या कितीतरी मालवणी घरांत आजही रोज ऐकू येतं. त्यांच्या ‘माका’ला कोणी पाव जोडला नाही.

वडील कामावर निघण्याआधी दाराशी बसून नखं बघायचे. जराशी पांढरी कड दिसली तरी कापायचे. बेकरीत शिरल्यावर कोपरापर्यंत हात साबणाने घासायचे, मग पिठाला हात. तिथे पीठ मळायचं यंत्र आलं नव्हतं. मोठ्या लाकडी हौदात मैदा, पाणी, मीठ, थोडी साखर आणि खमीर घालून दोघे समोरासमोर उभे राहायचे आणि मुठींनी, तळहातांनी मळायचे. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून वर बारीक काळे चट्टे होते, लांब दांड्याचं लाकडी फावडं आत घालताना भट्टीच्या तोंडाला हात लागल्याचे. पहाटे घरी आले की सोबत कागदात गुंडाळलेली लादी असायची. तिचा एक पाव अलगद सुटा करायचे आणि शेजारच्या पावापासून सुटलेल्या पांढऱ्या, तंतू निघालेल्या बाजूवर अंगठा दाबायचे. खड्डा भरून वर आला की पाव जमला. नाही आला तर त्या दिवशी मुकाट्याने चहा पिऊन झोपायचे. अशा माणसाच्या कामाचं नाव पायावरून पडलं असं तुम्ही छापता, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

आता शब्दाकडे वळते. मी पुढे स्वतः शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा हे माझं कामच आहे. पाव हा पोर्तुगीज ‘पांव’. त्यांच्या लिपीत तीनच अक्षरं, उच्चार नाकातून. मुळात लॅटिन ‘पानिस’, म्हणजे भाकर. त्याच पानिसापासून फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन लोकांचेही पावाचे शब्द आले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि मुंबईची बेटं मिळवली. आमचं मरोळ ज्या साष्टी बेटात येतं ते १७३७ ते १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत त्यांच्याकडे होतं. दोनशे वर्षं शेजारी राहिल्यावर शब्द येणारच. बटाटा, कोबी, पगार, चावी, घमेलं, बालदी, काडतूस, सगळे त्याच वाटेने आले. म्हणजे वडापावात पाव तर परका आहेच, वड्यातल्या बटाट्याचं नावही गलबतातून उतरलेलं आहे.

पायाची गोष्ट कुठे लटकली आहे ते बघा. हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतात. मराठीत म्हणतो पाय, कोंकणीत पांय. गोव्यात आणि कोकणपट्टीत हा पदार्थ आधी रुजला. तिथल्या माणसाला पायावरून नाव ठेवायचं असतं तर त्याने ‘पाय’ ठेवलं असतं. हिंदी पाँव त्याला कशाला हवा होता? आणि याहून पक्का पुरावा हवा असेल तर आपला ‘लिलाव’ घ्या. पोर्तुगीजमधला ‘लेइलांव’ मराठीत लिलाव झाला, ‘पांव’ पाव झाला. शेवटचा नाकातला आवाज दोन्हीकडे सारखाच, मराठीत दोन्हीकडे त्याचा ‘आव’ झाला. एकाच बंदरातून उतरलेली ही सख्खी भावंडं आहेत. लिलावात काय तुडवतात ते तुमच्या लेखकाला विचारा.

हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर पार पूर्वेला गेला. श्रीलंकेत सिंहली लोक पावाला ‘पान’ म्हणतात. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटाला लागले आणि तिथेही तो ‘पान’ झाला. जपानकडून कोरियात गेला तो ‘प्पांग’ होऊन. जपानीत पायाला ‘आशी’ म्हणतात. तिथे ही पायाची गोष्ट कशी लावायची? आणि आपण उठता बसता जो ‘कंपनी’ शब्द वापरतो त्याच्या पोटातही हाच पानिस आहे. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सोबत. ज्याच्यासोबत भाकर खायची तो सोबती, आणि त्यावरून कंपनी. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला तेव्हा हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मराठीत पायावरून आलेला ‘पाव’ खरोखरच आहे, पण तो दुसरा. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय, आणि चार पायांतला एक म्हणून चौथा हिस्साही पादच. त्यावरून पावशेर, पाव किलो, चार आण्यांची पावली. एक पाद कमी तो पादोन, त्याचं झालं पाऊण. पादासह तो सपाद, त्याचा सव्वा. पाव किलो शेव घेताना कोणाला शिसारी येत नाही. तिसरा पाव आणखी वेगळा, ‘प्राप्’ वरून आलेला: नवसाला पावणारा, गावी पोचता पावलो, पैसे पावल्याची पावती. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. लादीचे चार भाग करून विकतात म्हणून पाव, असंही काहीजण ठासून सांगतात, तेही चूक. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जुळत नसतं. शिकवताना मी हे दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवत असे, आणि मुलांना ते एका तासात समजायचं.

पायाने कणीक जगात कुठेच मळली गेली नाही असा माझा दावा नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की इजिप्तचे लोक कणीक पायाने मळतात आणि चिखल हाताने. मळली असेल. पण इजिप्तची सवय आणि पावाचं मराठी नाव यांना जोडणारा धागा कुठे आहे? आपल्याकडे ही गोष्ट टिकली त्याचं कारण वेगळं आहे. पाव हे बाटण्याचं खाणं मानलं गेलं. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत ऐकायला मिळतात. आमच्या शेजारच्या आजी होळीला आमच्या घरी पुरणपोळी पाठवायच्या, नाताळात आमचे फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) मात्र हातात न घेता खाली ठेवायला सांगायच्या. त्या प्रेमळ होत्या, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. पण पायाची गोष्ट त्याच किळसेची धाकटी बहीण आहे, आणि ती तुम्ही रविवारच्या चहाबरोबर घरोघरी पोचवलीत.

त्याच पानावरच्या चौकटीत आणखी एक चूक आहे. ‘हल्ली हॉटेलांत मिळणारा बाओ म्हणजे आपलाच पाव चीनमध्ये गेला तो,’ असं त्यात म्हटलं आहे. चिनी ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणे, बांधणे. आत सारण घालून वाफवायचा तो बाओझी. पोर्तुगीजांचा त्यात हात नाही. फिलिपिन्सचं उदाहरण घ्या: तिथे चिन्यांकडून आलेला वाफवलेला ‘शोपाव’ आणि स्पॅनिश लोकांकडून आलेला भट्टीतला ‘पान दे साल’ दोन्ही खातात. दोन पदार्थ, दोन वाटा, दोन मुळं. लेखकाने एवढं एक बघितलं असतं तरी चौकट वाचली असती.

लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराने शहराचा घसा धरला आहे, त्यामुळे निर्णयाला माझा विरोध नाही. माझे वडीलही शेवटी खोकतच राहिले. पण जुनी भट्टी म्हणजे विटांची खोली असते. ती पाडून नवी बसवायचा खर्च लहान बेकरीवाला कुठून आणणार, रात्रपाळीच्या कामगारांचं काय होणार, लादीचा भाव कुठे जाणार, यावर तुमच्या पुरवणीत मला एक ओळही सापडली नाही. पावावर अर्धं पान होतं, पण पाव करणारा माणूस त्यात एकाही वाक्यात नव्हता. होता तो फक्त त्याचा पाय, आणि तोही खोटा.

माझी विनंती एवढीच: चुकीची दुरुस्ती छापा. आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली, भिंग लावून वाचावी अशी नको. येत्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापा. लेखकाला पाव कसा मळतात ते पाहायचं असेल तर मरोळ नाक्याजवळच्या बेकरीत रात्री दोननंतर यावं. मी मालकांशी बोलून ठेवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व), मुंबई