हॅच यांच्या कायद्याने भरलेले टेबल

महोदय,

अमेरिकी राजकारणावरच्या लेखांत ऑरिन हॅच यांना ‘कट्टर रिपब्लिकन’ म्हणून एका ओळीत उरकले जाते. विशेषण खोटे नाही. यूटाचे हे सिनेटर गर्भपाताच्या विरोधात होते, ओबामांच्या आरोग्य कायद्याच्याही विरोधात. २०१७ ची मोठी करकपात तर अर्थ समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीच रेटली. पण माझी उभी नोकरी औषध कंपनीत गेली आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षे माझे टेबल ह्याच गृहस्थांच्या कायद्याने भरलेले असे.

तो १९८४ चा हॅच-वॅक्समन कायदा. वॅक्समन कॅलिफोर्नियाचे उदारमतवादी डेमोक्रॅट, म्हणजे एरवी दोघांचे पटायचे कारण नाही. पेटंट संपलेले औषध बनवायचे तर माणसांवरच्या साऱ्या चाचण्या पहिल्यापासून करायला नकोत. आपली गोळी रक्तात मूळ गोळीइतकीच उतरते एवढे सिद्ध केले की पुरे, असे ह्या कायद्याने ठरवले. बदल्यात मूळ कंपन्यांना पेटंटची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळाली. पेटंटला पहिले आव्हान देणाऱ्या जेनेरिक कंपनीला १८० दिवस त्या बाजारात दुसरा जेनेरिक स्पर्धक नाही! त्या १८० दिवसांपायी आम्ही रात्री जागवल्या. अर्जाचे जाडजूड खंड खोक्यांत भरून अमेरिकेला जात. एक पान क्रमांक चुकला की अख्खा खंड पुन्हा छापायचा. ‘पॅरा फोर’, म्हणजे अर्जातले पेटंटला आव्हान देणारे कलम, हा शब्द कँटीनमधल्या पोऱ्यालाही पाठ झाला होता. आज अमेरिकेत दहातल्या नऊ प्रिस्क्रिप्शनवर जेनेरिक औषध दिले जाते. मुंबईच्या सिपला, ल्युपिन, सन ह्यांचा तिथला धंदा ह्याच वाटेने उभा राहिला.

ह्याच हॅच यांनी १९९४ मध्ये पूरक आहाराच्या गोळ्या-पावडरींना मोकळे रान दिले. बाजारात आणण्याआधी त्या गुणकारी आहेत हे सिद्ध करायची गरज नाही. हा धंदा यूटातच फोफावलेला, हे ओघाने आलेच. आम्ही गोळीगोळीचा हिशेब देत होतो आणि अश्वगंधाच्या बाटल्या तिथे बिनबोभाट विकल्या जात होत्या. मला ते कधी पटले नाही.

१९९७ मध्ये डेमोक्रॅट टेड केनेडींसोबत त्यांनी गरीब कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी आरोग्य विमा आणला आणि खर्चासाठी सिगारेटवरचा कर वाढवायला लावला. स्वपक्षीय भडकले. पुढे २०१७ च्या सप्टेंबरअखेर ह्याच योजनेच्या निधीची मुदत संपली, तेव्हा समितीचे अध्यक्ष हॅचच. करकपात डिसेंबरात मंजूर झाली, मुलांच्या योजनेला मात्र जानेवारी उजाडावा लागला. हा डाग मी पुसणार नाही.

१९७६ च्या पहिल्या निवडणुकीत, अठरा वर्षे सिनेटमध्ये बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला आता घरी बोलवा, असा त्यांचा प्रचार होता. स्वतः बसले ४२ वर्षे.

एच-१बी व्हिसांची ६५ हजारांची मर्यादा वाढवण्याची विधेयकेही त्यांनी आणली होती. न्यू जर्सीतला माझा भाचा त्यावर डोळे लावून बसला होता. त्यातले २००० सालचे मंजूर झाले आणि मर्यादा तीन वर्षांपुरती वाढली; नंतरचे एकही मंजूर झाले नाही. पुढच्या लेखात हॅच आलेच तर विशेषणाशेजारी निदान एखाद्या कायद्याचे नाव असावे, एवढी विनंती.

– एक निवृत्त औषधनिर्माण कर्मचारी, बोईसर