‘रात्रभर’ या एका शब्दाबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या सुट्टीसाठी एक चौकट छापली आहे. धातूच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्यांचा रंग काढून त्या नव्याने कशा रंगवाव्यात, याची युक्ती त्यात दिली आहे. कॉस्टिक सोडा गरम पाण्यात कालवायचा, गाडी त्यात रात्रभर ठेवायची, सकाळी रंग आपोआप सुटलेला असतो. रंग सुटतो हे खरं आहे. मी करून बसलो आहे, म्हणून हे पत्र.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं रंगारी होतो. घरी जेवायला बसलो तरी नखांच्या कडा लालच असायच्या. आमच्या घरी ‘मॅचबॉक्स’ ब्रँडची एक खेळण्यातली लंडनची डबलडेकर बस होती. मुलगा लहान असताना मेव्हण्यांनी मुंबईहून आणलेली, लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी. पोटावर इंग्लंडच्या लेस्नी कंपनीचं नाव आणि १९७२ साल कोरलेलं, आणि दोन्ही बाजूंना बर्जर पेंट्सची चिकटपट्टी. रंगाऱ्याच्या घरी रंगाच्या कंपनीची जाहिरात मिरवणारी लाल बस, म्हणून मला तिचं भारी कौतुक. मुलाने ती ओट्यावरून, गटारीतून, सगळीकडून चालवली. नातवाच्या हाती आली तेव्हा निम्मा रंग उडालेला होता. म्हटलं, आयुष्यभर मोठ्या बसा रंगवल्या, ही चिमुरडी काय जड आहे?

कॉस्टिक ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लागू द्यायचा नाही, पत्रा फेसाळतो आणि पातळ होतो, हे आमच्याकडे नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतात. मलाही ते ठाऊक होतं. पण बस हाताला जड लागली आणि हे ॲल्युमिनियम नव्हे असं मी ठरवून टाकलं. नव्हतंच ते. जस्त होतं. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात शंभराला चारेक भाग ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम, कधी तांबं. ते वितळवून दाबाने पोलादी साच्यात भरतात, म्हणूनच दाराची मूठसुद्धा नीट उठते. मात्र जस्ताची एक खोड आहे. ते आम्लातही विरघळतं आणि कॉस्टिकसारख्या अल्कलीतही. रात्री सोड्याच्या बरणीत बारीक बुडबुडे येत होते. मला वाटलं, रंग सुटतोय. तो हायड्रोजन होता, आणि सुटत होती बस.

सकाळी रंगाचा एक कण उरला नव्हता. धातू काळपट, हाताला खरखरीत. दात घासायचा जुना ब्रश फिरवला तर वरच्या मजल्याच्या खिडक्यांमधल्या दोन दांड्या काडीसारख्या गळून पडल्या. नातू बाजूलाच होता. म्हणे, “आबा, बस उंदीर खाई गयात का?”

काही जाणकार कॉस्टिक वापरतात, हेही सांगतो. पण ते मिनिटांच्या हिशोबाने, समोर उभं राहून, हातमोजे आणि चष्मा घालून. आणि सोडा पाण्यात टाकतात, सोड्यावर पाणी ओतत नाहीत, कारण ते उसळून तोंडावर येतं. दहा वर्षांच्या मुलाने रात्रभर भरून ठेवायची ही बरणी नव्हे. डोळ्यात एक थेंब गेला तर पुरवणीतली चौकट काय कामाची?

मग मी काय करतो? (आता अशा नऊ गाड्या झाल्या, गल्लीतली पोरं आणून देतात.) आधी गाडी उघडतो. खालचा पत्रा रिव्हेटने चेपलेला असतो. त्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध पंचाने खूण करायची आणि ड्रिलने फक्त टोपी उडवायची, खांब ठेवायचा. नंतर त्याच खांबात बारीक भोक पाडून दोन मिलिमीटरचा स्क्रू बसवता येतो. काचा, सीट सगळं बाहेर काढायचं, कारण ते प्लॅस्टिक थिनरमध्ये गेलं की दुधाळ तरी होतं नाहीतर वितळतं. मग उघडा सांगाडा काचेच्या बरणीत घालून त्याला पेंट रिमूव्हर लावायचा. आग्रा रोडवर कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळतो, जेलीसारखा. दहा-पंधरा मिनिटांत रंग सुरकुततो, दुधावरची साय बोटाने सारावी तसा निघतो. धातूला काही होत नाही.

पण हेही काम मोठ्या माणसाचं, आणि आपल्याकडे तरी मे महिन्यात नको. बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असतं आणि ते ४० अंशांच्या आसपास उकळतं. धुळ्यात तेवढं ऊन दुपारी अंगणातच असतं. मी एकदा उन्हात राहिलेला डबा उघडला तर झाकण फस्सकन उडालं, मनगटावर डाग अजून आहे. बंद मोरीत तर हे काम करूच नये. त्याच्या वाफेने माणसं दगावलेली आहेत.

जुना रंग कोरडा घासणं हा तुमच्या चौकटीतला दुसरा घोटाळा. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या लाल-पिवळ्या रंगांचा मला तरी भरवसा नाही, मीच ते मारलेत. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) पाण्यात भिजवूनच घासा, म्हणजे धूळ उडत नाही. आणि उघड्या जस्तावर थेट ऑइलपेंट मारू नका, काही काळाने तो पापडासारखा सुटतो. आधी ‘एच’ (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला घट्ट धरणाऱ्या पहिल्या थराचा, पातळ हात द्यायचा, तोही धातू धुऊन वाळवल्यावर लगेच, बोटांचे ठसे उमटायच्या आत.

एवढं सगळं तुम्ही छापाल अशी अपेक्षा नाही. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात ‘कॉस्टिक वापरू नये’ एवढी एक ओळ द्यावी. आतल्या पानाच्या तळाला नको, तिथलं आमच्या गल्लीत कुणी वाचत नाही.

बसची चिकटपट्टी मी सोड्यात टाकण्याआधी वाफेवर धरून सोडवून ठेवली होती. ती शाबूत आहे. बस मात्र अजून बिनरंगाचीच फळीवर उभी आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी रंगारी
देवपूर, धुळे