टाकीच्या लाकडी स्टँडला रंग देण्यापूर्वी : मित्रास पत्र

पुणे,
कार्तिक महिना

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि माशांच्या टाकीच्या स्टँडचे फोटो मिळाले. वरची चौकट स्क्रूच्या भरवशावर न ठेवता थेट चारही पायांच्या डोक्यावर टेकवली आहेस, हे पाहून फार समाधान वाटले. तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद व उंच अशा टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. त्यात काच, वाळू आणि दगड धरले की अडीचशे किलोच्या आसपास भार त्या पायांवर कायमचा येणार, आणि तो लाकडातून सरळ जमिनीवर उतरेल अशी सोय तू केली आहेस. सुतारकामाबद्दल म्हणूनच मला काही सुचवायचे नाही. मात्र ‘रविवारी काळा ऑइलपेंट मारतो आणि सोमवारी टाकी चढवतो’ हे वाचून काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

टाकीच्या स्टँडला रंग शोभेसाठी लागतो त्याहून अधिक पाण्यासाठी लागतो, आणि हे पाणी आपल्याला दिसणाऱ्या दर्शनी भागातून क्वचितच शिरते. पाणी बदलताना नळीतून ओघळणारे थेंब मागच्या बाजूने उतरतात, फिल्टरच्या वायरीवरून पाणी स्टँडमधल्या कपाटात जाते, आणि घरात रोज फरशी पुसली की पायांचे तळ ओले होतात. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः कापलेल्या तोंडांतून, कारण झाडाच्या उभ्या नलिका तिथेच उघड्या पडलेल्या असतात. म्हणून स्टँड आधी उलटा कर आणि रंगाची सुरुवात पायांच्या तळव्यांपासून कर. पहिला हात तेलाच्या वुड प्रायमरचा, टर्पेंटाईन घालून पातळ केलेला असावा. ब्रश टेकवल्यावर कापलेल्या तोंडावरचा ओला चकाकता थर बघता बघता आत ओढला जातो आणि जागा पुन्हा कोरडी दिसू लागते. तशी दिसली की लगेच पुन्हा प्रायमर दे, आणि लाकूड पिणे थांबवेपर्यंत देत राहा. वायरींसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडा आणि प्लायच्या चारही कडा यांनाही हाच न्याय लाव. वरचा प्लाय कोणता घेतला आहेस ते तू लिहिले नाहीस. त्यावर आयएस ७१० असा शिक्का असेल तर तो मरिन प्लाय आहे आणि चिंता नाही. आयएस ३०३ आणि एमआर असे असेल तर तो दमट हवा सोसतो, पण साचलेले पाणी सोसत नाही, आणि मग त्याच्या कडांची दुप्पट काळजी घ्यावी लागेल.

तुझे लाकूड पाइनचे आहे, त्यामुळे फोटोत दिसणाऱ्या तपकिरी गाठींचा बंदोबस्त प्रायमरच्या आधी केला पाहिजे. गाठीतली राळ उष्णतेने सुटते आणि रंगाच्या कितीही थरांतून पिवळट डाग होऊन वर येते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून गाठींवर दोन हात दिले की ती आतच अडते. लाखेचा उपयोग मात्र इथेच थांबव. संपूर्ण स्टँडला लाखेचे पॉलिश करण्याचा सल्ला तुला कोणी देईल, कारण सागवानी कपाटांवर ते खरोखर सुंदर दिसते, पण पाणी साचून राहिले की त्यावर पांढरे डाग उमटतात आणि माशांच्या टाकीखाली तर पाणी सांडणारच.

स्क्रूच्या खड्ड्यांत लाकडासाठीचीच लांबी, म्हणजे वुड पुट्टी, भर. भिंतीची पांढरी पुट्टी वापरू नकोस. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, त्यामुळे भिंतीची पुट्टी तडकून निघते. उघडे लाकूड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८० आणि शेवटी २२० ने, नेहमी रेषांच्या दिशेने घास. त्याहून गुळगुळीत केले तर प्रायमरला धरायला जागा राहत नाही. प्रायमर वाळल्यावर आणि रंगाच्या दोन हातांच्या मध्ये ३२० चा कागद हलक्या हाताने फिरव व धूळ ओलसर कपड्याने पुसून घे.

रंगाच्या निवडीत माझे मत तुझ्यापेक्षा वेगळे आहे. चकचकीत काळ्यावर बोअरच्या जड पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून पांढरा ठिपका सोडतो, म्हणून बाहेरून सॅटिन फिनिशचा, म्हणजे मंद चकाकीचा, गडद राखाडी किंवा तपकिरी रंग घ्यावा असे मला वाटते. कपाटाच्या आतून मात्र फिकट रंगच दे, म्हणजे गळतीचा ओघळ लगेच नजरेस पडेल. तेलाचा पांढरा रंग बंद, अंधाऱ्या जागेत पिवळा पडतो, तेव्हा आत फिकट राखाडी किंवा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक एनॅमल उत्तम. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग या सर्वांहून कठीण आणि टिकाऊ असतो, परंतु त्यात हार्डनर मिसळल्यावर तो काही तासांतच वापरून संपवावा लागतो आणि त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. योग्य मास्क आणि सराव नसताना तो घरात मारू नये. तुझ्यासाठी साधा एनॅमलच, पातळ थरांचे तीन हात, पुरेसा आहे.

आता वाळण्याविषयी, कारण माझी खरी काळजी तीच आहे. एनॅमल काही तासांत हाताला कोरडा लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुढचा हात देता येतो, पण तो आतपर्यंत घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो हळूहळू कडक होतो आणि कोकणातल्या दमट हवेत याला आणखी वेळ लागतो. टाकीखाली तू थर्माकोलचा पत्रा घालणार आहेस. थर्माकोल थिनरमध्ये विरघळतो. रंगात थिनरचा अंश उरलेला असताना वर अडीचशे किलो ठेवले, तर पत्रा ठिकठिकाणी खचून रंगाला चिकटू शकतो, आणि काचेच्या तळाला एकसारखा आधार देण्याचा त्याचा उद्देशच फसतो. म्हणून शेवटच्या हातानंतर पूर्ण महिना थांब. टाकी ठेवण्याआधी पाठीमागच्या, न दिसणाऱ्या जागी नख जोराने दाब. खूण उमटली तर अजून थांब. दार बंद करून ठेवलेले कपाट सकाळी उघडून आत वास घे, रंगाचा वास येईनासा झाला म्हणजे काम झाले.

रंगकाम व्हरांड्यात कर. तुझ्या बैठकीतल्या छोट्या टाकीचा हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, आणि तिच्याबरोबर थिनरची वाफही माशांपर्यंत पोहोचते. तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाच्या तेलाची फडकी तर ढिगात आपोआप तापून पेट घेतात. ती दोरीवर एकेक पसरून वाळव.

प्लायवरच्या शिक्क्याचा फोटो रविवारपूर्वी पाठव, म्हणजे कडांना प्रायमरनंतर पीयू सीलर द्यावा लागेल का ते कळवीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र