तुमचा स्टँड टॅबला धरतो, पण वाचणाऱ्याच्या बोटाला घाबरतो – पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ॲडजस्टेबल टॅबलेट आणि ई-रीडर स्टँड, तिसरी तक्रार

नमस्कार,

ऑर्डर नंबर मेलच्या सब्जेक्टमध्ये आहे, बिलाची पीडीएफ आणि तीन छोटे व्हिडिओ जोडलेत. प्लीज या वेळी ते उघडून बघा, कारण मागच्या दोन्ही मेलना तुमच्याकडून अक्षरन् अक्षर तेच उत्तर आलं की आपला डिव्हाइस वेट लिमिटमध्ये असल्याची खात्री करा. केली हो खात्री, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून केली, त्याचंच खाली सविस्तर लिहिते.

आधी हा स्टँड घेतला कशाला ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की ही बाई उगाच खुसपट काढतेय. आम्ही कोथरूडला राहतो, घरात मी, नवरा, मुलगा आणि माझे बाबा. बाबांचं वय ७६. जानेवारीत दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मान तर गेली दहा वर्षं धरतेच, आणि फिजिओवाल्या ताईंनी दम दिला की मान खाली घालून वाचणं आता बंद, जे वाचायचं ते डोळ्यासमोर आणा. वाचायचंच सोडा असं बाबांना सांगायची कुणाची हिंमत नाही. सकाळी डायनिंग टेबलवर चहाबरोबर टॅबवर तीन ई-पेपर, दुपारी किंडलवर पुस्तक, हा नेम आहे. घरात आजीची पोथी ठेवायची लाकडी घोडी आहे, तुळशीबागेतून आणलेली, कात्रीसारखी उघडते ती. तिच्यावर टॅब मस्त बसतो, पण ती मुळात जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यासाठी केलेली, उंची वाढत नाही, मग परत मान खालीच. म्हणून तुमचा स्टँड. पेजवर लिहिलं होतं ४ ते १३ इंचांचे सगळे टॅब आणि ई-रीडर चालतील, १ किलोपर्यंत वजन, कुठल्याही अँगलला घट्ट राहणार. १,४९९ रुपये देऊन घेतला.

पहिला आठवडा छान गेला हे मान्य करते. उंची बरोबर, दिसायलाही चांगला, शेजारच्या काकूंनी लिंकसुद्धा मागून घेतली (त्यांना आता काय सांगू?). मग नवव्या-दहाव्या दिवसापासून स्टँड मान टाकायला लागला. टॅब ठेवला की राहतो, दोन मिनिटं, पाच मिनिटं, कितीही वेळ, पण बाबांनी पेपरमधली जाहिरात बंद करायला वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवलं की प्लेट हळूच मागे जाते, थोडं अक्षर मोठं करायला दोन बोटं लावली की अजून मागे, आणि एकदा घसरायला लागली की मग थांबतच नाही, पार आडवी होते. एका रविवारी तर टॅब मागे पडताना खालची कड हुकांतून सुटली आणि शेजारच्या वाडग्यात, म्हणजे आमटीत गेली. टॅब वाचला कारण कव्हर होतं, टेबलक्लॉथ नाही वाचला. बाबा म्हणाले, आजचा पेपर चिंचगुळाचा आहे. सगळे हसले, पण पडलेला टॅब नवा घ्यायला किती लागतात ते तुम्हाला माहिती असेलच.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितलं, "मॅडम, सोबत दिलेल्या ॲलन कीने टाइट करा." केलं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत तेच. परत टाइट केलं. आता रोज सकाळी चहाआधी स्टँडचे दोन्ही जॉइंट आवळणं हे आमच्या घरातलं काम होऊन बसलंय आणि बाबांनी त्याला किल्लीचं घड्याळ असं नाव ठेवलंय.

आता जरा माझ्या धंद्याचं बोलते. मी भोसरीत एका टूलरूममध्ये डिझाइनला आहे, १६ वर्षं जिग आणि फिक्स्चर, म्हणजे मशीनवर काम चालू असताना वस्तू घट्ट धरून ठेवणारी साधनं, काढते. आमच्याकडे नवीन पोरगा जॉइन झाला आणि त्याने फिक्स्चर काढताना पहिला प्रश्न जॉबचं (ज्या वस्तूवर काम करायचं तिचं) वजन किती असा विचारला की आम्ही त्याला शॉप फ्लोअरवर मशीनसमोर नेऊन उभं करतो, कारण जॉबचं वजन ही सोपी गोष्ट आहे, खरा प्रश्न कटर कुठून येणार आणि किती जोरात दाबणार हा असतो. तुमच्या स्टँडमध्ये कटर म्हणजे बाबांचं बोट. आणि ते बोट तुमच्या डिझाइनमध्ये कुठेच नाहीये. तुम्ही १ किलो वजन धरलंत, फोटो काढलात आणि पॅक केलंत असं मला स्पष्ट दिसतंय.

आकडे देते. आमचा आयपॅड १०.९ इंची, दहाव्या जनरेशनचा, नुसता ४७७ ग्रॅम, कव्हरसकट काट्यावर ७२० भरला. म्हणजे तुमच्या १ किलोच्या बराच आत. उभा ठेवला की त्याची उंची साधारण २५ सेंमी, म्हणजे वजनाचा मध्य खालच्या कडेपासून साडेबारावर. तुमचा वरचा जॉइंट हुकांपासून ७ सेंमीवर आहे, म्हणजे वजनाचा मध्य जॉइंटच्या साडेपाच सेंमी वर. टॅब टेबलाशी ६० अंशांत कलता ठेवला तर ते वजन जॉइंटच्या पावणेतीन सेंमी मागे पडतं, म्हणजे जॉइंटवर भार (वजन गुणिले ते अंतर) झाला जेमतेम २ किलो-सेंमी. इथपर्यंत ठीक. आता बोट. काट्यावर बोट दाबून बघितलं, बाबांचं रोजचं दाबणं ८० ते १०० ग्रॅम भरतं (ऑपरेशननंतर जरा जोरातच दाबतात). हे १०० ग्रॅम जॉइंटपासून १७ सेंमी वर, फुलीच्या कोपऱ्यात, म्हणजे अजून १.७ किलो-सेंमी, आणि तेही वजनाच्याच दिशेने, मागे. एका बोटाने जॉइंटवरचा भार जवळजवळ डबल होतो हो! आणि टॅब जितका आडवा होत जातो तितकं वजन जॉइंटपासून लांब जातं, ३० अंशांवर नुसत्या टॅबचाच भार जवळजवळ साडेतीन होतो, म्हणून तो एकदा सुटला की मध्ये कुठे थांबत नाही.

मग तुमचा जॉइंट धरतो किती? तेही बघितलं. प्लेट आडवी केली, जॉइंटपासून १० सेंमीवर पिशवी टांगली आणि तिच्यात वाटी वाटी साबुदाणा टाकत गेले (व्हिडिओ नंबर २, मागे मुलाचं हसणं ऐकू येतं त्याकडे दुर्लक्ष करा). ॲलन कीने पूर्ण आवळल्यावर साधारण ४५० ग्रॅमला प्लेट खाली आली, म्हणजे साडेचार किलो-सेंमी. मग प्लेट फक्त वीस वेळा वर-खाली केली आणि परत टांगलं, तर २६० ग्रॅमलाच खाली. म्हणजे २.६. टॅब उभा राहायला दोन पुरतात, बोट लावल्यावर ३.७ लागतात. म्हणूनच तो बघायला घट्ट आणि वापरायला ढिला, आणि म्हणूनच तुमच्या ऑफिसात कुणी नुसता टॅब ठेवून बघितला तर त्याला काहीच प्रॉब्लेम दिसणार नाही. शिवाय तुमचं १ किलो, कुठल्याही अँगलला, हे वाक्य धरलं तर प्लेट आडवी असताना साडेपाच किलो-सेंमी लागतील, बोट न लावता. तेवढा तो पूर्ण आवळल्यावरसुद्धा धरत नव्हता.

ढिला का होतो ते जॉइंट उघडल्यावर लगेच कळलं. साधा बोल्ट, साधा नट, आणि मध्ये प्लास्टिक थेट प्लास्टिकवर घासतंय. प्लेट खाली-वर केली की बोल्टचं डोकं तिच्याबरोबर थोडं थोडं फिरतं आणि नट आपोआप सुटत जातो, त्यात प्लास्टिक सतत दाबाखाली राहिलं की चेपत जातं, म्हणजे आवळलेपण दोन्हीकडून कमी. यात काही रॉकेट सायन्स नाहीये, चौकोनी गळ्याचा बोल्ट घातला की तो फिरत नाही, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) घातला की सुटत नाही, आणि वाटीसारखे डिस्क वॉशर घातले की प्लास्टिक थोडं झिजलं तरी दाब टिकून राहतो. मी स्वतः शनिवारी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, दोन जॉइंटचे नायलॉक नट, डिस्क वॉशर आणि मध्ये घालायला स्टीलचे चपटे वॉशर घेतले, सगळे मिळून ६० रुपये, तेही सुट्ट्या गिऱ्हाइकाच्या भावात. बोल्ट तुमचाच ठेवला. आता साबुदाणा ६०० ग्रॅमच्या वर जातो आणि शंभर वेळा वर-खाली करूनही ५७० आला. बाबांनी गेल्या पाच दिवसांत ॲलन कीला हात लावलेला नाही. तुम्ही हजारांत घेता, तुम्हाला हे किती स्वस्त पडेल त्याचा हिशोब तुम्हीच करा.

आता किंडल. हे जास्त चीड आणणारं आहे, कारण पेजवर ई-रीडर हा शब्द मोठ्या अक्षरात आहे आणि मला खात्री आहे की डिझाइन करताना कुणी ई-रीडर हातात घेऊन बघितलेलाच नाही. पेपरव्हाइटचं पॉवर बटण खालच्या कडेला असतं, चार्जिंगच्या भोकाच्या शेजारी. आणि तुमचे दोन्ही हुक कुठे, तर खालच्या कडेला. उजवा हुक बरोबर बटणाखाली येतो. बाबांनी पान उलटायला स्क्रीनवर टच केलं की किंडल खाली दाबलं जातं, बटण दाबलं जातं आणि पुस्तक झोपतं. बाबा बिचारे दोन दिवस समजत होते की किंडलच बिघडलं. वर तुमचे हुक १८ मिलिमीटर उंच आहेत, जाड कव्हरच्या टॅबसाठी असतील, पण किंडल ८ मिलिमीटर जाडीचं, त्यामुळे ते पुढे-मागे हलतं आणि पानाची शेवटची ओळ दोन ठिकाणी हुकामागे जाते. यावर तुमच्या चॅटवरच्या मुलीने सांगितलं की डिव्हाइस आडवा ठेवून वापरा. आडवा ठेवून बघितला. सेटिंग बदललं, अक्षर बाबांना लागतं तेवढं मोठं ठेवलं, तर पानावर आठ ओळी राहिल्या, बाबा म्हणाले हे पुस्तक आहे की बसची पाटी.

खरं तर हुक बाजूला सरकणारे केले असते तर एवढ्यात भागलं असतं, एक आडवी खाच आणि एक स्क्रू, बस्स. आणि २०५ ग्रॅमच्या किंडलला तुमचा ढिला जॉइंटसुद्धा पुरतो, म्हणजे या एका वस्तूवर तरी तुमचा स्टँड पास व्हायला हवा होता.

बेस हलका आहे, पूर्ण उंचीवर वर टच केलं की पुढची कड उचलते, रबराच्या चार गोट्यांपैकी दोन निघाल्यात. हे मी यापुढे वाढवत नाही.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. १,४९९ रुपये पूर्ण परत हवेत, कूपन नको, पुढच्या ऑर्डरवर सूट नको, आणि तसलाच दुसरा पीस तर अजिबात नको, कारण दोष पीसमध्ये नाही, ड्रॉइंगमध्ये आहे. रिटर्नची मुदत संपली असं दुसऱ्या मेलला कळवलंत, पण वस्तू नवव्या दिवसापासून बिघडणार आणि मुदत सातव्या दिवशी संपणार हे सोयीचं तुम्हाला आहे, मला नाही. आणि पेजवरचं कुठल्याही अँगलला १ किलो हे वाक्य काढा किंवा कुठल्या अँगलला किती ते लिहा, आणि ई-रीडर शब्द हुक बदलेपर्यंत काढून ठेवा, नाहीतर अजून कुणाचे तरी बाबा किंडल रिपेअरला घेऊन जातील.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला पाहिजे. माझ्या पहिल्या तक्रारीला आज २६ दिवस झाले. चार दिवस अजून आहेत, मी थांबते. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करीन आणि गरज पडली तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि मी राहते तिथेच ती दाखल करता येते. धमकी म्हणून नाही लिहीत, मला खरंच तेवढा वेळ नाहीये, पण ते साबुदाण्याचे व्हिडिओ आहेत आणि ते कुणालाही समजतील असे आहेत.

तुमच्या डिझाइनच्या माणसाला हा मेल फॉरवर्ड केलात तर बरं होईल. त्याच्याशी बोलायला मला आवडेल, चिडून नाही, चहा पिताना बोलतो तसं. उंचीची रेंज त्याने चांगली पकडलीये आणि घडी केल्यावर स्टँड खरंच सपाट होतो, ते सोपं काम नाही हे मला कळतं.

पिकअपला माणूस संध्याकाळी सहानंतर पाठवा, आधी फोन करून. बॉक्स जपून ठेवलाय, ॲलन की आत टेपने चिकटवलीये. नायलॉक नट आणि वॉशर माझे आहेत, ते मी काढून घेणार, तुमचे मूळचे नट छोट्या पिशवीत घालून सोबत देईन.

कळावे,
एक ग्राहक (आणि बाबा)
कोथरूड, पुणे