मर्सीच्या पलीकडच्या काठावरून निघालेली पाणबुडी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लिव्हरपूलच्या नव्या घराच्या खिडकीतून मर्सी नदी आणि पलीकडचं बर्कनहेड दिसतं हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला सारून लिहायला बसलो. १ जून १९३९ ला सकाळी तिथल्याच जहाजांच्या कारखान्यातून 'थेटिस' ही नवी पाणबुडी चाचणीला निघाली होती. तिच्यावर वरिष्ठ अधिकारी म्हणून कॅप्टन हॅरी ओरम होते. गेला महिनाभर हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पाणबुडीत नोकरी करणं सोपं नव्हतं रे. १९२१-२२ च्या वॉशिंग्टन परिषदेत खुद्द ब्रिटननेच पाणबुड्यांवर बंदी घाला असा आग्रह धरला होता. ज्या कामात जीव ओतायचा, तेच आपल्या सरकारला नकोसं! कप्तान व्हायचं तर 'पेरिशर' नावाची कठीण परीक्षा, आणि तिथे नापास झालं की पाणबुडीचं दार बंद. शांततेच्या काळातही माणसं जातच होती. १९२४ ला एल-२४, १९२५ ला एम-१, १९३२ ला एम-२, तिन्ही पाणबुड्या सगळ्या माणसांसकट बुडाल्या. १९३१ ला चीनच्या किनाऱ्याजवळ पोसायडन बुडाली, पण तिच्यातले काही जण डेव्हिस यंत्र (पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन) तोंडाला लावून जिवंत वर आले.

थेटिस त्या दिवशी हलकी पडत होती, पाण्याखाली जाईना. टॉर्पेडो सोडायच्या पुढच्या नळ्यांत पाणी आहे का ते बघायला लेफ्टनंट वुड्स गेले. नळीच्या मागच्या दाराला एक बारीक तोटी असते. ती उघडायची; पाणी आलं तर नळी भरलेली. पाच नंबरच्या नळीच्या तोटीचं भोक रंगाने बुजलं होतं, म्हणून थेंबही आला नाही. वुड्सनी दार उघडलं. बाहेरचं झाकण उघडंच होतं, समुद्र थेट आत घुसला. पुढचे दोन कप्पे भरले आणि नाक चिखलात रुतलं. आत १०३ माणसं होती, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. कारखान्याचे कितीतरी कामगारही त्यांत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा जड झाली होती. पाणबुडी कशी वाचवता येईल ते कागदावर लिहून तो ओरमच्या मनगटाला बांधला. आपण मेलो तरी प्रेत वर जाईल आणि निरोप पोचेल, हा हिशोब. ओरम आणि वुड्स आधी बाहेर पडले. सर्वांत वरिष्ठ अधिकारीच पहिला निघाला, असं कुणी म्हटलं की मला संताप येतो. वाट सुखरूप आहे की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं! त्यांच्यामागून आणखी दोघे वाचले. ९९ गेले. थेटिसचे कप्तान बोलसही आतच राहिले.

कितीतरी जण वेल्समधल्या होलीहेडच्या दफनभूमीत एकत्र पुरलेत. तिकडे रेल्वे जाते. सवडीने गेलास तर माझ्या वतीने दोन फुलं ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या