आजींच्या दहा एकरांबद्दल : युक्रेनच्या कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. डॉक्टरकी शिकायला विनित्साला होतो. आमच्या वसतिगृहाची देखभाल करणाऱ्या आजी शनिवार आला की बसने गावी जायच्या. मेमध्ये बटाटे लावायला आणि सप्टेंबरात काढायला मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरामागे पंचवीसेक गुंठे. बटाटा, बीट, कोबी, काकडी, बांधाला सूर्यफूल. तळघरात हिवाळ्याची बेगमी, लोणच्याच्या बरण्या ओळीने लावलेल्या. तुमच्या देशातले जवळजवळ सगळे बटाटे आणि बहुतांश भाजीपाला अशाच घरांतून येतो.

आमच्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. आजींना काळीही होती. सोव्हिएत काळातली सामूहिक शेती मोडली तेव्हा वाट्याला आलेली, सुमारे दहा एकर. या वाट्याला तिकडे ‘पाय’ म्हणतात. त्या जमिनीत मी आजींना कधी पाऊल टाकताना पाहिलं नाही. ती एक कंपनी कसते आणि खंड म्हणून वर्षाला गहू, साखर, तेल घरी पोचवते.

पाय विकायला 2001 पासून बंदी होती. ती 1 जुलै 2021 रोजी उठली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. स्वतःची जमीन गरजेला विकता येत नसेल तर मालकी कसली? पण 1 जानेवारी 2024 पासून कंपन्यांनाही 10,000 हेक्टरपर्यंत खरेदीची मुभा मिळाली. जवळजवळ पंचवीस हजार एकर! महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा 54 एकर आहे, म्हणून हा आकडा मी दोनदा वाचला.

त्यात पाय विकायला निघाला की तेवढ्याच किमतीला घेण्याचा अग्रहक्क ती खंडाने कसणाऱ्याचा. आजींच्या गावात खंडाने कसणारी म्हणजे तीच कंपनी. पंचवीस गुंठ्यांवर घर चालवणाऱ्या शेजाऱ्याला कोणी विचारायलाही येत नाही.

साहेब, हा अग्रहक्क आधी त्याच गावात स्वतःच्या हाताने कसणाऱ्या घराला द्या, आणि जमीन घ्यायला लांब मुदतीचं कर्जही. गावातले कर्ते पुरुष आज आघाडीवर आहेत. ते परत येईपर्यंत कंपन्यांची खरेदी थांबवा.

गेल्या महिन्यात आजींशी फोनवर बोललो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला म्हणाल्या. मुलगा सुट्टीवर आला की त्याला विचारून कळवते, असं त्यांनी त्याला सांगितलंय.

आपला,
विनित्साचा एक माजी विद्यार्थी