साडेसात सेकंद कमी पडतात

संपादक महोदय,

मी ७६ वर्षांची, गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. घराजवळच्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १५ सेकंद राहतो. रस्ता १८ मीटर रुंद. म्हणजे सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस बरोबर पलीकडे पोचतो. सिग्नलची वेळ ठरवताना बऱ्याच ठिकाणी हाच वेग धरतात. मी नातवाला घड्याळ लावायला सांगून माझा वेग काढला : ०.८. दिवा लाल होतो तेव्हा माझे सहा मीटर चालायचे राहिलेले असतात, म्हणजे आणखी साडेसात सेकंद. शिवाय या वयात पायाखाली बघत चालावं लागतं, त्यामुळे दिवा कधी बदलला तेही हॉर्न वाजल्यावरच कळतं.

वाचनालय पलीकडच्या बाजूला आहे. पूर्वी आठवड्यातून दोनदा जायची, आता सून पुस्तकं आणून देते. मी सांगते तीच आणते, बिचारी. पण कपाटासमोर रेंगाळताना न मागितलेलं एखादं पुस्तक हाती लागायचं, ते आता होत नाही.

माझी मैत्रीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तीही यायची थांबली. विचारलं की म्हणते, "गुडघे दुखतात गं." गुडघे तिचे दहा वर्षं दुखताहेत. थांबली ती दुभाजकावर अडकली त्या दिवसापासून. दोन्ही बाजूंनी गाड्या, आणि धरायला काही नाही. गुडघ्यांचं सांगता येतं, घाबरले म्हणायची लाज वाटते. मग घरचेही म्हणतात, वय झालं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमावलीत २००९ साली हा हिशेबाचा वेग १.०७ मीटरवर आणला. माझं त्यानेही भागत नाही. सिंगापूरने मात्र त्याच वर्षी काही चौकांत सोय सुरू केली : ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवलं की हिरवा दिवा आणखी काही सेकंद टिकतो, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३. इतरांचा खोळंबा नाही, कारण गरज असेल तेव्हाच वेळ वाढते.

मी संबंधित कार्यालयात हा हिशेब लिहून दिला. "आजी, कुणाला तरी सोबत घेऊन जात जा," असं उत्तर मिळालं. हिशेब चुकला असं मात्र कुणी म्हणालं नाही.

मला साडेसात सेकंद हवे आहेत. ते जमेपर्यंत निदान दुभाजकावर धरायला एक कठडा बसवा.

— एक निवृत्त शिक्षिका